मुळ्ळुम मलरुम (१९७८) – काळीला माफ करायचं का?

शेवंता:

तमिळ कौटुंबिक सिनेमा म्हटलं की आपल्याकडे बरेच जण आधीच रुमाल शोधायला लागतात. याला मुख्यतः १९६१चा 'पासमलर' जबाबदार. दिग्दर्शक ए. भीमसिंग, शिवाजी गणेशन भाऊ, सावित्री बहीण, जेमिनी गणेशन मेव्हणा. भाऊ इतका देवमाणूस की भाचीला फटाक्यांपासून वाचवताना स्वतःचे डोळे गमावतो, आणि शेवटी दोघं भावंडं एकदमच प्राण सोडतात. भीमसिंग यांनीच पुढच्या वर्षी तो हिंदीत 'राखी' म्हणून केला, अशोक कुमार आणि वहिदा रेहमानला घेऊन. तमिळ घरांत आजही भाऊ-बहीण जरा जास्तच गळ्यात पडले की 'पासमलर' म्हणून टोमणा बसतो.

मला बोलायचंय ते त्यानंतर सतरा वर्षांनी आलेल्या 'मुळ्ळुम मलरुम'वर. जे. महेंद्रन यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. निर्माते वेणू चेट्टियार यांना त्यांनी सांगितलं, भावा-बहिणीची गोष्ट आहे. चेट्टियारांना वाटलं, चला, दुसरा पासमलर. शिवाय महेंद्रन तोवर संवादलेखक म्हणून गाजलेले, शिवाजी गणेशनच्या 'तंगप्पदक्कम'चे (१९७४) टाळीबाज संवाद त्यांचेच. म्हणजे इथेही पल्लेदार भाषणं असणार! प्रत्यक्षात तयार झालेला सिनेमा बघून चेट्टियारांनी डोक्याला हात लावला. यात संवाद आहेतच कुठे?

रसभंगाचा इशारा: पुढे सगळी गोष्ट आहे, शेवटासकट.

काळी (रजनीकांत) आणि वळ्ळी (शोभा) ही पोरकी भावंडं. लहानपणी रस्त्यावर कसरती करून जगलेली. आता काळी डोंगरातल्या वीज प्रकल्पावर विंच चालवतो. तापट, मानी, गावाचा लाडका. नवा इंजिनीअर कुमरन (शरत बाबू) येतो आणि नियमावर बोट ठेवतो. खटके उडतात, काळी निलंबित होतो, त्या रागात दारू पिऊन रस्त्यावर पडतो आणि लॉरी त्याच्या हातावरून जाते. हात जातो, नोकरी जाते. मधल्या काळात मंगा (फटाफट जयलक्ष्मी) त्याची बायको होऊन घरात येते. आणि ज्या कुमरनचं तोंड बघायची काळीची इच्छा नाही, तोच वळ्ळीला मागणी घालतो. काळी ठाम नकार देतो आणि तिचं लग्न भलत्याच, फारशा बऱ्या नसलेल्या माणसाशी ठरवतो. मंगा नवऱ्याच्या विरोधात उभी राहते आणि गावकऱ्यांना घेऊन वळ्ळीला कुमरनकडे पोचवायला निघते.

वाटेत काळी आडवा येतो. एकटा, एका हाताचा. वळ्ळी वऱ्हाड सोडते आणि धावत जाऊन भावाला बिलगते.

आणि काळी जिंकतो. बहिणीने सगळ्यांपेक्षा मला निवडलं, बस्स! मग तो स्वतःच लग्नाला परवानगी देतो. वर कुमरनला तोंडावर सांगतो की साहेब, तुम्ही मला अजूनही आवडत नाही.

माझं म्हणणं असं की इथे महेंद्रननी भावाच्या प्रेमातला अहंकार उघडा पाडलाय आणि तरी त्या माणसाला टाकून दिलेलं नाही. 'पासमलर'चा भाऊ बहिणीसाठी सगळं देतो. काळीला आधी बहिणीकडून पावती हवी असते. तुम्हाला काय वाटतं?

बोरूबहाद्दर:

वाचनखूण साठवली. रजनीचा म्हणून आजवर टाळला होता. चष्मा फिरवणं, सिगरेट उडवणं आहे का यात?

शेवंता:

नाही हो. १९७८ सालचा रजनी आहे हा. तोवर त्याची ओळख खलनायकी आणि दुय्यम भूमिकांचीच जास्त होती. याला नायक कशाला घेताय, म्हणून चेट्टियार अडून बसले होते. महेंद्रन म्हणाले, काळी हाच करणार, नाहीतर सिनेमा नको.

पेनस्टॉक:

मी जलविद्युत केंद्रावर आयुष्य काढलेला माणूस. सगळे काळीच्या प्रेमात पडतात, म्हणून साहेबाची बाजू मांडतो.

विंच काय असते ते आधी समजून घ्या. वर डोंगरावर पाण्याचा साठा, खाली दरीत पॉवर हाऊस, मधल्या उभ्या उतारावर पाण्याचे जाड नळ, म्हणजे पेनस्टॉक. त्याला लागून रूळ, रुळावर ट्रॉली. ही ट्रॉली स्वतः चालत नाही. वरच्या खोलीत मोटर, मोटरवर मोठा ड्रम, ड्रमवर गुंडाळलेला वायर रोप. दोर सोडला की ट्रॉली खाली, ओढला की वर. विंचवाल्याला उतारावरची ट्रॉली बऱ्याचदा दिसतसुद्धा नाही. घंटी किंवा फोन, त्यावर सगळा भरवसा. ट्रॉलीवर किती भार चालेल हे ठरलेलं असतं, दोराची एकेक तार तुटलीय का ते बघायचं असतं, ब्रेक तपासायचा असतो.

आता काळी काय करतो? गावातल्या बायाबापड्यांना, पोरांना फुकट ट्रॉलीतून फिरवतो. पडद्यावर गोड दिसतं. पण दोर तुटला तर चौकशी कोणाची? इंजिनीअरची! कुमरन सभ्य आहे, आवाज चढवत नाही, कागदावर करायचं ते करतो. निलंबन मीही केलं असतं.

बाकी एक गोष्ट मानली. खोलीत बसलेला तो माणूस वरून आख्खं गाव वरखाली करतो. त्या खुर्चीची नशा असते. आमच्याकडेही असे ऑपरेटर होते, साहेब बदलला की यांना आपलं राज्य खालसा झाल्यासारखं वाटायचं. 'रामन आंडालुम' हे एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचं गाणं नेमकं त्यावरच आहे: राज्य रामाचं असो की रावणाचं, मला काय, मी माझ्या मनाचा राजा.

शेवंता:

पेनस्टॉककाका, दंडवत! हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा.

अंबोली:

मी खाष्टपणा करते आता. धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं उत्तर: नाही.

काळी वळ्ळीवर हात उगारतो. मग पश्चात्ताप होतो आणि ती झोपलेली असताना तिच्या पायांना मेंदी लावत बसतो. या प्रसंगावर लोक जीव ओवाळून टाकतात. मला तो बघताना पोटात गोळा येतो, कारण ही साखळी ओळखीची आहे. आधी थोबाडीत, मग लाड, मग पुन्हा थोबाडीत. तिने कोणाशी लग्न करायचं ते हा ठरवणार, का तर साहेबाने याचा अपमान केलाय. म्हणजे पोरीचं आयुष्य हा याच्या भांडणातला मोहरा.

आणि शेवट! ती धावत गेली नसती तर? समजा तिने मान खाली घालून कुमरनच्या दिशेने चालणं चालू ठेवलं असतं, तर या प्रेमळ भावाने काय केलं असतं? सिनेमा त्या प्रश्नातून शिताफीने सुटतो.

शेवंता:

सुटत नाही असं मला वाटतं, अंबोली. मेंदीचा प्रसंग मीही परत परत बघितलाय. कॅमेरा काळीला चांगलं ठरवायला धडपडत नाही. त्याला जिभेने माफी मागता येत नाही, म्हणून तो हाताला काम देतो. आणि पुढे तोच हात जातो. यावर कोणी भाषण ठोकत नाही. 'पासमलर'मध्ये यावर दहा मिनिटांचा संवाद झाला असता.

अंबोली:

प्रसंग चांगला घेतलाय याबद्दल वाद नाहीच. चांगला घेतलाय म्हणूनच लोक त्या माणसाला सोडून देतात ना!

मावडीकर:

रजनी आपला माणूस आहे हे कोणी लिहिलंच नाही अजून! शिवाजीराव गायकवाड. मूळ गाव मावडी कडेपठार, जेजुरीजवळ. घरी मराठी.

बोरूबहाद्दर:

आलं! मी वाटच बघत होतो.

शेवंता:

मावडीकर, मान्य, पण जन्म बंगळूरचा, बस कंडक्टरकी बंगळूरची, आणि काळी हा पूर्णपणे तमिळ माणूस. कृपया धागा जेजुरीला नेऊ नका. नेणारच असाल तर उलटं टोकही घ्या: 'पासमलर'च्या गणेशनला 'शिवाजी' ही पदवी मिळाली ती अण्णादुरैंच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराज रंगवल्यामुळे, आणि ती दिली खुद्द द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी. म्हणजे तमिळ पडद्यावरच्या या दोन गाजलेल्या भावांपैकी एकाचं पाळण्यातलं नाव शिवाजी आणि दुसऱ्याचं पडद्यावरचं. झालं समाधान? आता सिनेमाकडे या.

रायर:

तंजावूरकडचा मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच, सध्या चेन्नईत. माझं मराठी आमच्या घरचं आहे, तुमच्यासारखं नाही, सांभाळून घ्या.

भाऊ-बहीण ही जोडी इकडे एवढी मोठी का, ते थोडं सांगतो. तमिळ घरात बहिणीच्या लग्नाने भावाचं काम संपत नाही, तिथून सुरू होतं. तो 'ताय मामन', आईचा भाऊ. भाच्याचे कान टोचायचे तर मामाच्या मांडीवर बसवून. भाची वयात आली की मामाकडून 'सीर' येणार, म्हणजे साडी, फळं, ताटंच्या ताटं. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करायची चाल कितीतरी जातींत होती, म्हणून बहिणीचा नवरा कोण, हा प्रश्न पुढच्या पिढीपर्यंत जाऊन भिडतो. 'पासमलर'मधल्या 'मलर्न्दुम मलराद' या अंगाईत हेच आहे, मामा भाचीसाठी जगाचीसुद्धा किंमत विचारील असं आई तान्हीला सांगते. कण्णदासन यांचं गाणं. आमच्या आजीला ते लागलं की पदर डोळ्याला.

तेव्हा काळीला कुमरन नको, यात नुसता राग नाही. उद्या याच माणसाच्या दारात मला सीर घेऊन उभं राहायचंय, ही गोष्ट त्याला गिळवत नाही. एक हात नसलेला, नोकरी नसलेला मामा काय घेऊन जाणार साहेबाच्या बंगल्यावर?

अंबोली:

रायर, ही बाजू माझ्या डोक्यात अजिबात नव्हती. लिहीत राहा. मत बदललं नाहीये, पण लिहीत राहा.

तिखटमीठ:

आपल्याकडे लग्नात वधूचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो ना, तसं आहे ते काळीचं शेवटचं वाक्य. कानपिळी. 'घेऊन जा, पण ध्यानात ठेव.' फरक इतकाच की काळी कानपिळीचा मानही मागत नाही.

शेवंता:

तिखटमीठ, हे फारच आवडलं.

फिल्मखाऊ:

उशिरा आलो. तांत्रिक बाजूवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

बालू महेंद्र यांचं छायाचित्रण. तमिळमधलं त्यांचं हे पहिलं काम, आणि कमल हासनने त्यांचं नाव सुचवलं. तोवर तमिळ घर म्हणजे स्टुडिओतलं घर, चारी बाजूंनी दिवे, कुठे सावली नाही. इथे काळीच्या खोपटात दारातून येतो तेवढाच उजेड. माणूस आत सरकला की त्याचा चेहरा काळोखात जातो, आणि जाऊ दिलाय.

कमलचं दुसरं उपकार-प्रकरण मोठं मजेशीर आहे. येसुदासच्या 'सेंदाळम पूविल' गाण्याच्या आधीचा भाग चित्रित करायचा राहिला होता. चेट्टियार इतके वैतागले होते की म्हणाले, आता एक दमडी देणार नाही. शेवटी ते चित्रण कमलने पैसे घालून करून दिलं. ज्या सिनेमात तो नाही आणि ज्यात त्याचा स्पर्धक नायक आहे, त्या सिनेमासाठी! ते गाणं म्हणजे जीपमधून घाटातला प्रवास, धुकं, झाडं, आणि चोरून एकमेकांकडे बघणं. एवढंच. नायिका बागेत पळत नाही.

महेंद्रन महाविद्यालयात असताना तमिळ सिनेमाचे लाडके नायक एम. जी. आर. तिथे आले होते. या पोराने त्यांच्या समोरच भाषणात तमिळ सिनेमा कसा खोटा असतो ते सांगितलं, ही गाणी, हे बागेतलं प्रेम कुठल्या गावात चालतं म्हणून. एम. जी. आर. यांनी राग मानला नाही, उलट पुढे बोलावून घेतलं आणि 'पोन्नियिन सेल्वन' या कादंबरीची पटकथा लिहायला बसवलं. तो सिनेमा तेव्हा झाला नाही. पण वीस वर्षांनी स्वतःचा सिनेमा हातात आल्यावर महेंद्रननी त्या भाषणाची उधारी फेडली.

आणि इळैयराजा. हात गेल्यानंतर वळ्ळी भावाला पहिल्यांदा बघते तो प्रसंग घ्या. ती येऊन त्याला मिठी मारते आणि रिकामी बाही तिच्या हाताला लागते. कोणीही 'अण्णाऽऽ' म्हणून टाहो फोडत नाही. शोभाचा चेहरा आणि संगीत. ती तेव्हा सोळा वर्षांचीही नव्हती. पुढच्याच वर्षी 'पसी'साठी राष्ट्रीय पुरस्कार, आणि १९८० च्या मे महिन्यात गेलीसुद्धा. फटाफट जयलक्ष्मीही त्याच वर्षी गेली. या सिनेमातल्या दोन्ही बायका.

कालवण:

मंगाबद्दल एकही ओळ नाही? निषेध!

माझ्या मते सिनेमा तिचा आहे. खाण्यावर जीव असलेली, फाटक्या तोंडाची, परक्या गावातून आईबरोबर आलेली. तिचं 'नित्तम नित्तम नेल्लु सोरु' हे गाणं म्हणजे नुसतं जेवण: रोज रोज भात, तुपाचा घमघमाट सुटलेलं वांगं, आणि आदल्या दिवशीचं माशाचं कालवण. शिळं कालवण! ज्याने मालवणात किंवा पेडण्यात सकाळी उठून रात्रीच्या कालवणात भाकरी बुडवलीय, त्याला हे गाणं कळायला भाषा लागत नाही. गायलंय वाणी जयराम यांनी, कुमार गंधर्वांबरोबर 'ऋणानुबंधाच्या' गाणाऱ्या त्याच. तिकडे तसा आर्त स्वर आणि इकडे जिभल्या चाटत गाणं.

आणि हीच खादाड बाई शेवटी नवऱ्याच्या विरोधात उभी राहते. भावजयीने नणंदेची बाजू घेणं! 'पासमलर'मध्ये घर फोडायला नवऱ्याकडची आत्या आणावी लागली. आपल्या मालिकांत तर भावजय आली की समजायचं, वाटीत विष कालवलं जाणार. मंगा भांडते ती नणंदेसाठी, आणि रडत नाही.

अंबोली:

कालवण, टाळ्या. माफीचं पदक द्यायचं तर मंगाला द्या, काळीला नको.

माटुंगावाली:

माटुंग्याच्या अरोरा टॉकीजवर तमिळ सिनेमे बघत वाढलेली मी, त्यामुळे 'पासमलर'ची बाजू घ्यायलाच हवी. इथे सगळे त्याला रडका म्हणून मोकळे होताहेत. त्यातला सुरुवातीचा भाग बघा. भाऊ गिरणी कामगार, गिरणी बंद पडते, घरात दाणा नाही. बहीण खेळणी करून विकते आणि गुपचूप साठवलेले पैसे भावाच्या हातात ठेवते. त्या पैशातून तो कारखानदार होतो. म्हणजे भावाचं साम्राज्य बहिणीच्या कष्टावर उभं आहे, आणि सिनेमा ते विसरत नाही.

आणि एक गंमत. 'पासमलर'मध्ये भाऊ मालक होतो आणि बहिणीचा प्रियकर संपकऱ्यांच्या बाजूने उभा राहतो. शिवाजी आणि जेमिनीची कचेरीतली जुगलबंदी आठवते? शिवाजीच्या हातातली पेन्सिल बघायची, सगळा राग त्या पेन्सिलीत. 'मुळ्ळुम मलरुम'मध्ये पाटी उलटी: भाऊ कामगार, प्रियकर साहेब. दोन्हीकडे बहीण मधल्या मध्ये. म्हणजे वरवर घरातलं भांडण, पण आत मालक-मजुराचं आहे. १९६१ मध्ये ते भांडण मायेने मिटवता येतं असं लोकांना पटत होतं. १९७८ मध्ये काळी साहेबाला बहीण देतो, पण सलाम देत नाही.

शेवंता:

माटुंगावाली, धागा काढल्याचं चीज झालं. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं असं वाटण्याइतकं चांगलं आहे.

पेनस्टॉक:

सलामाबद्दल बोलतो. नोकरी गेल्यावर काळी कुमरनला सांगतो ना, दोन्ही हात दोन्ही पाय गेले तरी हा काळी जगेल साहेब, वाईट पोरगा आहे तो. रजनीने हे ओरडून म्हटलेलं नाही. हसत हसत म्हटलंय, आणि त्यात कुठेतरी आवाज कापतो. मी कुमरनच्या बाजूचा असूनही तिथे मला त्याच्या नजरेला नजर द्यायला नको वाटली.

बोरूबहाद्दर:

हिंदीत झालाय का हो? उपशीर्षकं वाचायचा कंटाळा.

फिल्मखाऊ:

'प्यारी बहना', १९८५. दिग्दर्शक बापू, मिथुन भाऊ, आपल्या उषा किरण यांची लेक तन्वी आझमी बहीण, तिचा पहिला सिनेमा. तन्वी चांगलीच आहे. पण कंटाळा बाजूला ठेवा आणि मूळच बघा. संवाद कमी आहेत, चेट्टियारांची तक्रार तुमच्या पथ्यावर पडेल.

बोरूबहाद्दर:

मूळ सिनेमा चालला का पण?

फिल्मखाऊ:

पहिले काही आठवडे थंड. मग तोंडी प्रसिद्धीने उचलला आणि शंभर दिवस गेला. के. बालचंदर यांनी रजनीला पत्र लिहून कौतुक केलं, तुला मी आणलं याचा अभिमान वाटतो म्हणून. पुढे बालचंदर यांनीच त्याला आवडता दिग्दर्शक विचारला, तर गडी गुरूच्या तोंडावर म्हणाला, महेंद्रन.

अंबोली:

म्हणजे त्याही काळीला खोटं बोलता येत नाही!

बरं, काल रात्री शेवट परत बघितला, या धाग्यामुळे. वळ्ळी धावते तेव्हा काळीच्या चेहऱ्यावर आधी आनंद नाही, सुटका आहे. त्याला खात्री नव्हती. इतके दिवस ती आपल्याला सोडून जाईल या भीतीनेच तो सगळं करत होता. यामुळे त्याने केलेलं योग्य ठरत नाही. पण वळ्ळीला ते ठाऊक होतं, म्हणून ती धावली. त्या क्षणी सर्वांत शहाणी तीच आहे, आणि एक शब्द न बोलता ती लग्न आणि भाऊ दोन्ही पदरात पाडून घेते. तेव्हा माझं उत्तर तेच, काळीला माफी नाही. वळ्ळीला मात्र मी गेली कित्येक वर्षं बिचारी समजत होते, ती बिचारी नाही.

रायर:

आमच्याकडे बायका हेच म्हणतात.

शेवंता:

पुढच्या महिन्यात महेंद्रनच्या 'उदिरिप्पूक्कळ'वर (१९७९) लिहायचा विचार आहे. पुदुमैप्पित्तन यांच्या कथेवरून घेतलेला, आणि त्यातला नवरा बघितल्यावर अंबोलीला काळी संत वाटेल. तोवर ज्यांनी 'मुळ्ळुम मलरुम' बघितला नाही त्यांनी बघून घ्या, आणि मावडीकर, तुम्हीही.

मावडीकर:

बघितला. मंगा भारी आहे.